कर्त्याची रिकामी जागा

जुन्या मराठी लग्नपत्रिकेत एक वाक्य ठरलेले असे. अमुक यांच्या कन्येचा विवाह अमुक यांच्या चिरंजीवांशी 'करण्याचे योजिले आहे', आणि खाली घरातील वडीलधाऱ्या माणसाचे नाव. योजणारा वाक्यात नसे, पण त्याच पानावर, चार बोटे खाली, नावानिशी उभा असे. त्याने स्वतःला वाक्याबाहेर ठेवले ते विनयाने. जबाबदारी टाळण्यासाठी नव्हे. हल्ली भोपाळात आमच्या हाती येणाऱ्या पत्रिकांत 'विवाह सोहळ्याचे आयोजन परिवाराद्वारे केले गेलेले आहे' अशा चालीची वाक्ये भेटतात. दोन्ही घडणी कर्मणीच्या आहेत. तरी एक वाचताना घरच्या ओटीवर बसल्यासारखे वाटते आणि दुसरे वाचताना कचेरीच्या खिडकीशी उभे असल्यासारखे. असे का व्हावे, याचा शोध घेता घेता आम्ही पत्रिकेपासून बरेच दूर, या शहराच्या सर्वांत दुखऱ्या जागेपाशी येऊन पोहोचलो. तो प्रवास वाचकांपुढे मांडावा, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

शाळेतल्या व्याकरणात आपण कर्मणी प्रयोगाचे प्रकार पाठ केलेले असतात : पुराण कर्मणी, नवीन कर्मणी, समापन कर्मणी, शक्य कर्मणी. यांपैकी 'नवीन' हे विशेषण पुष्कळांच्या नजरेतून निसटते. 'रावण रामाकडून मारला गेला' हे त्याचे ठरीव उदाहरण, आणि इंग्रजीतील पॅसिव्ह व्हॉइसच्या वळणावर ही रचना मराठीत रुळली, असे शिक्षक सांगत. 'रामाने रावणाला मारले' हे म्हणायला मराठीला काहीच अडचण नव्हती. पण इंग्रजी वाक्यात कर्म आधी येते, क्रिया पुढे येते आणि कर्ता शेपटासारखा मागे लागतो. तो शेपूट मराठीत कसा लावायचा, हा प्रश्न भाषांतरकारांपुढे पडला आणि 'कडून'ने तो सोडवला.

म्हणून कर्मणी मुळातच परकी, असे कोणी समजू नये. 'पाहिजे' हा शब्द आपण दिवसातून शंभरदा उच्चारतो. तो 'पाहणे' या धातूचे जुने कर्मणी रूप आहे : जे पाहिले जाते, ज्याची वाट पाहिली जाते, ते 'पाहिजे'. 'म्हणजे' हाही 'म्हणिजे'चाच, म्हणजे 'म्हटले जाते'चाच, झिजलेला अवशेष. 'जाणे' या क्रियापदाच्या साहाय्याने कर्मणी करण्याची रीतही एकट्या इंग्रजीची देणगी नव्हे; शेजारच्या हिंदीत ती अंगभूत आहे. नवीन आहे तो तिचा सुळसुळाट, आणि कर्त्याला 'कडून' अथवा 'द्वारे' लावून वाक्याच्या मागल्या दाराशी बसवण्याची सवय.

भोपाळच्या मराठीत ही सवय दोन वाटांनी आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली आणि तेथील सचिवालयातील अनेक मराठी कुटुंबे या तळ्यांच्या शहरात येऊन राहिली. जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. त्यामुळे 'कळविण्यात येते की', 'मंजूर करण्यात आले आहे' ही इंग्रजी टिपणांवरून उतरलेली कचेरीची मराठी ही मंडळी बरोबर घेऊन आली. येथे आल्यावर कचेरी हिंदीची झाली. 'सूचित किया जाता है', 'विभाग द्वारा', 'निर्णय लिया गया' यांची रोजची सोबत सुरू झाली. एकीकडून इंग्रजी, दुसरीकडून हिंदी, आणि दोहोंचा कौल एकच. तात्या टोपे नगरातील सरकारी घरांत वाढलेल्या पिढीच्या तोंडी 'द्वारे' सहज आले ते त्यामुळे. त्यांना ते परके वाटत नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नाही.

मराठीत भाषेविषयी वाद पुष्कळ झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली निबंधमाला सुरू केली ती मराठीच्या स्थितीचा विचार करतच. पुढे सावरकरांची भाषाशुद्धी आली; १९३८ साली माधवराव पटवर्धनांचा 'भाषाशुद्धि-विवेक' आला. या सगळ्या चर्चेत झगडा मुख्यतः शब्दांचा होता : कोणता ठेवावा, कोणता काढावा, काढलेल्याच्या जागी कोणता बसवावा. शब्द दारातून येतो, म्हणून त्याला अडवता येते. वाक्याची घडण मात्र पाण्यासारखी पायातून झिरपते. 'तारखे'ऐवजी 'दिनांक' लिहिणारा शुद्धिवादीही 'सदर दिनांक समितीकडून निश्चित केला गेला' असे निःशंकपणे लिहितो. एकही शब्द आक्षेपार्ह नाही, आणि वाक्य मात्र इंग्रजी.

तेव्हा 'कर्मणी टाळा, कर्तरी लिहा' असा आदेश काढून मोकळे व्हावे काय? इंग्रजीत तसा आदेश निघालेला आहे. जॉर्ज ऑर्वेल यांनी राजकारण आणि इंग्रजी भाषा यांचे नाते तपासणाऱ्या १९४६ च्या निबंधात जे नियम घालून दिले, त्यांतला एक असा की कर्तरी चालत असेल तेथे कर्मणी कधीही वापरू नये. त्यांना भय होते ते शैलीच्या बोजडपणाचे तितकेच अप्रामाणिकपणाचे. आमचा या नियमाविषयी आदर आहे. तरी खुद्द त्या निबंधात कर्मणी वाक्ये जागोजाग आहेत, आणि एखादे वाक्य रानटी होत असेल तर आपला कोणताही नियम खुशाल मोडावा, अशी मुभा त्यांनीच शेवटी देऊन ठेवली आहे.

कारण कर्ता वगळण्याची गरज खरोखरच पडते. 'काल रात्री देवळातली घंटा चोरली गेली' : चोर माहीत नाही, तर लिहिणार कोणाला? 'द्रावण साठ अंशांपर्यंत तापवले जाते' : कोणीही तापवले तरी निकाल तोच, म्हणून तापवणारा गौण. 'आपणांस सभेचे आमंत्रण देण्यात येत आहे' : खाली चिटणिसांची सही आहे, बोलावणारा कोण ते स्पष्ट आहे. पहिल्यात कर्ता अज्ञात, दुसऱ्यात अप्रस्तुत, तिसऱ्यात उघड. तिन्ही ठिकाणी वाचकाची फसवणूक नाही. चौथी जात वेगळी. 'मागील वर्षीचा हिशेब सादर केला गेला नाही.' या वाक्यात कर्ता अज्ञात नाही, कारण हिशेब ठेवणारा एकच होता. अप्रस्तुत नाही, कारण प्रश्न त्याचाच आहे. आणि पानावर अन्यत्र उघडही नाही. तो झाकलेला आहे. संस्थांच्या इतिवृत्तांत, सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर, आणि प्रांजळपणे सांगायचे तर आमच्याही मंडळाच्या अहवालांत या जातीची वाक्ये विपुल सापडतील. 'काही कारणास्तव अंक वेळेवर काढला जाऊ शकला नाही' हे वाक्य आम्ही स्वतः एकाहून अधिक वेळा छापले आहे. कारण ठाऊक होते. अंक कोणी काढला नाही, हेही ठाऊक होते.

येथे 'कडून'च्या स्वभावाविषयी थोडे सांगायला हवे. इंग्रजी शेपटासाठी आपण हा शब्द निवडला खरा, पण मराठीत त्याचे स्वतःचे दोन उद्योग पूर्वीपासून चालू होते. एक करवून घेण्याचा : 'मुलाकडून पाढे म्हणवून घेतले'. दुसरा नकळत घडल्याचा : 'माझ्याकडून चूक झाली', 'तिच्याकडून कप फुटला'. या दुसऱ्या वापरात कर्ता हजर असतो, पण हेतू गैरहजर असतो. हात लागला, मन लागले नव्हते. 'त्याच्या हातून खून झाला' या वाक्यात तर हात पुढे करून माणूस मागे लपतो. ही मराठीची कबुली देण्याची खास रीत आहे, आणि ती कबुली देतानाच निम्मी माफी मागून घेते. म्हणून 'कंपनीकडून निष्काळजीपणा झाला' असे आपण लिहितो, तेव्हा इंग्रजीतल्यासारखे नुसते कर्त्याचे नाव सांगून थांबत नाही. 'बिचारीच्या हातून झाले खरे' असा एक सुस्कारा त्यात आपोआप मिसळतो. भाषांतरात हा सुस्कारा कोणी मोजत नाही.

'कंपनी' हा शब्द लिहिला आणि विषय तेथे येऊन ठेपला जेथे तो भोपाळात येणारच होता.

२०२४ च्या डिसेंबरात त्या रात्रीला ४० वर्षे झाली. त्या निमित्ताने आम्ही सभासदांकडून आठवणी मागवल्या होत्या. नव्या भोपाळातील आमच्यापैकी बहुतेकांना वाऱ्याने वाचवले. वायू जुन्या शहराकडे, रेल्वे स्थानकाच्या बाजूला गेला. त्या बाजूला राहिलेल्या एका बाईंनी दीड पान लिहून पाठवले. त्यात एक वाक्य होते : 'आमच्या सासूबाईंना त्या रात्री मारले.' आम्ही ते संपादकीय सवयीने दुरुस्त केले : 'आमच्या सासूबाईंचे त्या रात्री निधन झाले.' मुद्रितशोधनासाठी मजकूर त्यांच्याकडे गेला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा दूरध्वनी आला. "अहो, निधन कसलं? निधन पेन्शन खाऊन, नातवंडं बघून होतं. त्या संध्याकाळी आमच्या सासूबाई धडधाकट होत्या, ज्वारीच्या भाकरी करून झोपल्या होत्या." आम्ही म्हणालो, "पण ताई, 'मारले' म्हटल्यावर कोणी, असा प्रश्न येतो." त्या म्हणाल्या, "यायलाच हवा ना!"

आम्ही पुष्कळ वर्षे व्याकरण शिकवले आहे, पण भावे प्रयोगाचा असा पाठ आम्हांला कोणी दिला नव्हता. 'सासूबाईंना मारले' या वाक्यात कर्ता लिहिलेला नाही, परंतु त्याची जागा राखून ठेवलेली आहे. 'ने' हा प्रत्यय लागायचा बाकी आहे, एवढेच. जेवणाच्या पंगतीत पाट मांडलेला असावा आणि पाहुणा आलेला नसावा, तसे ते वाक्य कर्त्याची वाट पाहते. 'निधन झाले' या वाक्यात पाटच मांडलेला नाही.

मग आम्ही त्या रात्रीविषयीचे, आपल्याच लोकांनी मराठीत लिहिलेले मिळेल ते लेखन पुन्हा वाचले, आणि क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघा मारत गेलो. आमची समजूत अशी होती की इंग्रजी वळणाची कर्मणी हीच येथे गुन्हेगार निघेल. ती निघाली नाही. 'केले गेले', 'करण्यात आले' ही रूपे होती, पण महत्त्वाच्या जागी नव्हती. महत्त्वाच्या जागी होते आपले अस्सल, घरगुती, कोणत्याही शुद्धिवाद्याने बोट ठेवू नये असे क्रियापद : 'होणे'. वायुगळती झाली. दुर्घटना झाली. मृत्यू झाले. हानी झाली. दुर्लक्ष झाले. विलंब झाला.

इंग्रजीशी ताडून पाहिले म्हणजे फरक ध्यानात येतो. १९८७ च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी इराणला विकलेल्या शस्त्रांच्या प्रकरणी गंभीर चुका केल्या गेल्याचे मान्य केले, आणि त्या कर्मणी वाक्यरूपाची तिकडे पुष्कळ थट्टा झाली. चुका कोणी केल्या ते त्यात नव्हते. पण हेच वाक्य मराठीत सहजपणे कोणी कसे सांगेल? 'गंभीर चुका झाल्या.' इंग्रजी राज्यकर्त्याला लपण्यासाठी कर्मणीचा पडदा ओढावा लागतो. मराठी माणसाला पडद्याचीही गरज नाही. आमच्याकडे कप फुटतो, दोरी तुटते, दूध उतू जाते, काम राहून जाते. जग आपोआप घडत असते, आणि आपण शेजारी उभे असतो.

'गळती'चेच घ्या. छपराला गळती लागते, नळाला लागते, शाळेतील मुलांचीही गळती होते. पावसाळ्यात वाडग्याखाली वाडगे ठेवून भागवावे, असा हा शब्द. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीच्या सुमारास युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, आतील मिथाइल आयसोसायनेट तापले, दाब वाढला आणि सुमारे ४० टन विषारी वायू शहरावर पसरला. त्याला 'गळती' म्हणणे हा क्रियापदाचा नव्हे, प्रमाणाचाच प्रमाद आहे. पण १९८५ साली संसदेने केलेल्या दाव्यांविषयीच्या कायद्याच्या इंग्रजी नावातही 'लीक' हाच शब्द बसला, आणि आपण त्याचा शब्दशः अनुवाद करून मोकळे झालो.

याहून बोलके उदाहरण कारखान्यातील यंत्रणांचे. वायू थंड ठेवणारी शीतयंत्रणा त्या रात्री 'बंद होती', असे आपण लिहितो. बंद होती म्हणजे बिघडली होती काय? नाही. ती १९८४ च्या मध्यास बंद केलेली होती आणि तिच्यातील शीतकारक द्रव काढून घेतलेला होता. वायू जाळून टाकणारा मनोरा 'निकामी होता', असे आपण लिहितो. त्याच्या नळाचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि परत बसवलेला नव्हता. आता हीच वाक्ये त्या बदनाम नवीन कर्मणीत लिहून पाहा : 'शीतयंत्रणा बंद केली गेली होती.' 'नळाचा तुकडा काढला गेला होता आणि परत बसवला गेला नव्हता.' कानाला बोजड, इंग्रजी वळणाची, चिपळूणकरांना खचित न आवडणारी वाक्ये. पण ती वाचताच मनात प्रश्न उठतो : कोणी? 'बंद होती' हे वाक्य सुबक आहे, मराठमोळे आहे, आणि ते प्रश्न उठू देत नाही.

आमच्या शोधाला येथे अनपेक्षित वळण मिळाले, ते हेच. कर्मणी कर्त्याला झाकते, पण त्याची जागा पुसत नाही. 'कप फोडला गेला' यात फोडणारा कोणीतरी आहे. 'कप फुटला' यात कोणीच नाही. इंग्रजीकडून आलेल्या ज्या रचनेला आपण नाके मुरडतो, ती निदान एवढे कबूल करते की क्रियेला कर्ता असतो.

कर्त्याची जागा भरायची की रिकामी ठेवायची, हे व्याकरण ठरवत नाही, गरज ठरवते. टाकीत पाणी कसे शिरले याविषयी कामगारांचे म्हणणे असे की नळ धुताना पाणी पुढे जाऊ नये म्हणून मध्ये बसवायची धातूची चकती बसवलेली नव्हती. कंपनीने मात्र सांगितले की एका असंतुष्ट कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडले. वाक्याची घडण न्याहाळावी. इतर सर्व बाबतींत यंत्रणा 'बंद होत्या', झडपा 'गळत होत्या'. येथे मात्र अचानक कर्ता आला, त्याला 'ने' प्रत्यय लागला, त्याला हेतू मिळाला. त्या कामगारावर खटला कधीच चालला नाही. पण ज्याला कर्ता हवा असतो त्याला कर्तृत्व दाखवणारे वाक्य बरोबर सापडते, हे त्यातून दिसले.

कायद्याची भाषा याच्या उलट आहे. दंडसंहितेचे कलम 'जो कोणी' या शब्दांनी सुरू होते. तेथे कर्त्याची जागा आधीच आखलेली असते आणि न्यायालयाने त्या जागी नाव भरायचे असते. 'मृत्यू झाले' या वाक्यावर कोणालाही शिक्षा देता येत नाही. 'मृत्यूस कारण झाला' असे म्हणावे लागते. भोपाळच्या खटल्यात हे वाक्य लिहायला २५ वर्षांवर काळ लागला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचा आरोप उतरवून हयगयीने मृत्यूस कारण होण्याचा ठेवला, आणि ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने त्या कलमाखाली भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच दिवशी ते जामिनावर सुटले. मूळ अमेरिकी कंपनीचे प्रमुख वॉरन अँडरसन यांना १९९२ मध्ये न्यायालयाने फरारी घोषित केले होते. ते २०१४ साली अमेरिकेत वारले. ज्या वाक्यात त्यांचे नाव यायचे होते ते वाक्य पुरे झाले नाही. तुलनेसाठी दुसरे एक नाव आठवावे. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ सालीच आपल्या साप्ताहिकातून या कारखान्याविषयी धोक्याचा इशारा दिला होता. त्यांच्या मथळ्यातले क्रियापद आज्ञार्थी होते : वाचवा. आज्ञार्थाला ऐकणारा कर्ता लागतो. तो मिळाला नाही.

मेलेल्यांविषयीची क्रियापदेही अशीच लावून पाहावीत. निधन झाले, मृत्युमुखी पडले, प्राण गमावले, बळी गेले, मारले गेले, बळी घेतले, मारले. या सात पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर मरण हे ज्याचे त्याचे. 'प्राण गमावले' यात तर मरणाराच हलगर्जी, पाकीट हरवावे तसे त्याने प्राण हरवले. चौथ्या पायरीवर कोठेतरी वेदी दिसू लागते. पाचवीवर मारणाऱ्याची सावली पडते. सहावीवर आणि सातवीवर त्याला नाव विचारले जाते. मृतांचा सरकारी आकडा आरंभी २,२५९ होता, नंतर राज्य सरकारने ३,७८७ मानला, आणि पीडितांच्या संघटना त्याहून कितीतरी मोठा आकडा सांगत आल्या. आकड्यांवर इतका वाद झाला. क्रियापदावर मात्र आपण लिहिणाऱ्यांनी कधी वाद घातला नाही. सगळे पहिल्या तीन पायऱ्यांवर एकमताने बसलो.

'गॅसपीडित' हा या शहरातला रोजचा शब्द. 'पीडित' हे स्वतः कर्मणी रूप आहे : ज्याला पीडा दिली गेली तो. समासाचा विग्रह कोणीही विद्यार्थी करून देईल : गॅसने पीडित, तृतीया तत्पुरुष. म्हणजे या शब्दात कर्त्याची जागा रिकामी नाही. ती भरलेली आहे, आणि भरली आहे गॅसने. ज्याला मन नाही, मालक आहे. हेतू नाही, साठवणारा आहे. अशा एका रसायनाला आपण कर्ता करून बसवले. शिधापत्रिकेपासून दवाखान्याच्या पाटीपर्यंत आणि राज्य शासनाच्या एका विभागाच्या नावापर्यंत तोच कर्ता चालत आला आहे.

आमच्यावर असा आक्षेप येईल की भाषेच्या अभ्यासकांनी न्यायालयाचे काम करू नये. आक्षेप रास्त आहे. कोण दोषी, किती दोषी, हे ठरवण्याचा अधिकार आम्हांला नाही, आणि 'कोणी' हा प्रश्न मोकळा ठेवणे म्हणजे त्याचे उत्तर देणे नव्हे. मात्र प्रश्नच बुजवून टाकण्याचा अधिकारही लिहिणाऱ्याला नाही. ज्याला कर्ता ठाऊक नाही त्याने 'केले गेले' असे प्रामाणिकपणे लिहावे. 'झाले' असे लिहून कर्ता नव्हताच असे सुचवू नये. ज्याला कर्ता ठाऊक आहे त्याने 'ने' लावावा. आणि ज्याला ठाऊक असून सांगायचे धैर्य नाही, त्याने निदान पाट मांडून ठेवावा.

दुसरा आक्षेप आमच्याच पंक्तीतून येईल : मग काय, 'द्वारे' आणि 'केले गेलेले आहे' यांना आता मानाचे पान द्यायचे? तसे नाही. 'परिवाराद्वारे आयोजन केले गेलेले आहे' हे वाक्य वाईटच आहे, कारण तेथे कर्ता ठाऊक आहे, प्रेमाचा आहे, समोर उभा आहे, आणि 'आम्ही बोलावतो, या' एवढे म्हणण्यात त्याला कमीपणा नाही. तेथे ही रचना उगाच आलेली आहे. पण एखादी रचना इंग्रजीतून आली म्हणून वाईट आणि एखादी आजीच्या तोंडची म्हणून निर्दोष, हा निवाडा आम्हांला आता करवत नाही. 'होणे' आजीच्या तोंडचे आहे. त्याच्याआड चाळीस टन विष बसले.

त्या बाईंच्या आठवणीचे पुढे काय झाले, हे सांगून हे टिपण संपवतो. 'मारले' छापावे की नाही यावर आमच्या संपादन मंडळात दोन बैठका झाल्या. एकाने तडजोड सुचवली : 'मारल्या गेल्या'. ते वाक्य घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. "हे तुमच्या निधनापेक्षा बरं," त्या म्हणाल्या, "यात कुणीतरी आहे." मग थोडा वेळ थांबून त्यांनी पेन मागितले, 'मारल्या गेल्या' यावर काट मारली आणि शेजारी आपल्या अक्षरात पुन्हा 'मारले' असे लिहिले. आम्ही तसेच छापले. संपादकांनी केलेली मूळ दुरुस्ती चुकीची होती. ती आमच्याकडून झाली नव्हती. ती आम्ही केली होती.